एकदाच घ्यायचा म्हणून मोठाच घ्यायचा का?

प्रश्न : राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदार ताईंचं पत्र आहे. सत्तरेक जुनी हापूस कलमं, शंभराच्या वर काजू, घरामागे माड-पोफळी आणि गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून चार थोराड रायवळ आंबे अशी त्यांची बाग. यजमान मुंबईची नोकरी संपवून गावी आले आहेत. आजवर तोडीला कटरवाले (चेन सॉने, म्हणजे यांत्रिक करवतीने झाडं कापून देणारे) बोलवायचे, पण ऐन गरजेला ते मिळत नाहीत आणि त्यांचा दरही परवडेनासा झाला आहे. म्हणून स्वतःचा कटर घ्यायचं ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. यजमानांना ऑनलाइन मिळणारा ६२ सीसी इंजिनाचा, २२ इंची पट्टीचा (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) हवा आहे, तो स्वस्तही आहे. रत्नागिरीचा दुकानदार नामांकित कंपनीचा ४५ सीसीचा, १८ इंची दाखवतो; त्याची किंमत कितीतरी जास्त. दीर म्हणतात, घेऊच नका, कंत्राट द्या. ताई विचारतात : "एकदाच घ्यायची वस्तू, तर मोठी असलेली बरी ना? लहान पडली तर पुन्हा खर्च."

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बहुतेक घरांत खरेदी तिथेच फसते. एकदाच घ्यायची तर मोठी, हे पाण्याच्या टाकीला लागू पडतं. टाकी अर्धी भरली तरी काही बिघडत नाही. कटरचं तसं नाही. मनगटाएवढी फांदी कापतानाही २२ इंची पट्टीचं सगळं वजन हातातच असतं आणि तिचं टोक कापणाऱ्यापासून लांब, डहाळ्यांच्या जाळीत कुठेतरी फिरत असतं. त्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला लागला, तर मशीन उसळून सरळ तोंडावर येतं. चेन सॉच्या फार वाईट जखमा या उसळीने होतात. पट्टी गरजेपेक्षा जितकी लांब, तितकं ते टोक सांभाळणं अवघड.

तेव्हा सीसी आणि इंच थोडे बाजूला ठेवा. एक सुतळी घ्या आणि बागेत फेरी मारा. येत्या दोन-तीन वर्षांत ज्या फांद्या आणि जी खोडं खरोखर कापायची आहेत, त्यांचाच घेर मोजा. घेराला तीनने भागलं की जाडी येते, अंदाजाला एवढं पुरे. तीन फूट घेर म्हणजे साधारण फूटभर जाडी, चार फूट म्हणजे पंधरा-सोळा इंच. जुन्या कलमांच्या छाटायला निघणाऱ्या फांद्या बहुतेक सहा ते दहा इंचांच्या असतात, काजूच्या त्याहून कमी, आणि सरपणाचं लाकूड फार तर फूटभर. एवढं सगळं १६ इंची पट्टीत एका कापात येतं. क्वचित जाड ओंडका निघाला, तर तो जमिनीवर आडवा असताना दोन्ही बाजूंनी कापता येतो. तुमची सुतळी वेगळं काही सांगत असेल, तर माझ्या अंदाजापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

आता ते चार रायवळ. मला वाटतं, घरातला सगळा वाद त्यांच्यापायी आहे. यजमानांच्या डोळ्यासमोर ती खोडं असणार आणि २२ इंच तिथूनच आले असणार. पण आठ-नऊ फूट घेराचा, गडग्यावर कललेला रायवळ पाडणं हे नवख्या हातांचं काम नाही, मग मशीन केवढंही असो. दोर कुठे बांधायचा, खाच कुठल्या अंगाला घ्यायची, खोड आतून पोकळ आहे का, पडताना विजेची तार वाटेत येते का, हे बघणारा माणूस लागतो. ती झाडं काढायचीच असतील तर कंत्राट द्या. तिथे तुमचे दीर बरोबर आहेत. आणि त्याआधी परवानगी घ्या. राज्यात १९६४ पासून वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं आहेत, आणि ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. कलमाच्या फांद्या छाटणं वेगळं आणि झाड बुंध्यातून काढणं वेगळं. तालुक्याच्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या पासाचंही त्याच वेळी विचारून घ्या. "कंत्राटदार बघून घेईल" यावर राहू नका. झाड तुमच्या सातबाऱ्यावरचं आहे.

चार झाडांचा प्रश्न असा वेगळा काढला, की उरतं ते तुमचं नेहमीचं काम. ते किती आहे? सत्तर कलमं, शंभर काजू हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण मशीन झाडं मोजत नाही, तास मोजतं. जुन्या कलमांचं पुनरुज्जीवन कोणी एका वर्षात उरकत नाही. छाटलेलं कलम पुन्हा नीट फळायला दोन-तीन वर्षं जातात. सगळी बाग एकदम छाटली तर तेवढा काळ घरात आंबा यायचा नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ पुनरुज्जीवनाचं मार्गदर्शन करतं. त्यांच्याकडून किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडून छाटणीची वेळ आणि उंची ठरवून घ्या आणि वर्षाला बारा-पंधरा कलमं धरा. एका कलमाला इंजिन प्रत्यक्ष चालू असण्याचा वेळ तासाभराच्या आसपास. त्यात काजूची विरळणी, पावसाळ्याआधीची फाटी (सरपण), वाऱ्याने पडलेलं एखादं झाड मिळवा. वर्षाचे चाळीस-पन्नास तास झाले तर खूप झाले. रोज तोड करणारा कटरवाला एवढे तास पंधरवड्यात चालवतो. त्याला लागणारं मशीन आणि तुम्हाला लागणारं मशीन एक असायचं कारण नाही.

म्हणून माझं मत दुकानदाराच्या बाजूने पडतं, फक्त थोडं खाली : ४५ ते ५० सीसी, आणि जमलं तर १८ ऐवजी १६ इंची पट्टी. त्याच इंजिनावर आखूड पट्टी लावली की चेन जोरात फिरते, तेल टोकापर्यंत नीट पोचतं आणि मशीन हातात तोललेलं राहतं. स्टिलचा एमएस २५० हा या गटातला ओळखीचा नमुना : इंजिन ४५ सीसीचं, वजन पट्टी आणि चेन सोडून ४.६ किलो. हस्क्वर्ना आणि इतर कंपन्यांचीही या मापाची मशीनं आहेत. मी अमुकच घ्या असं म्हणणार नाही. राजापूर, लांजा, रत्नागिरी यांपैकी जिथे तुम्ही सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकता, तिथे ज्या कंपनीचा दुरुस्तीवाला आणि सुटे भाग मिळतात, तिचं घ्या. ऐन मोसमात चेन फिरवणारा ड्रम किंवा स्टार्टरची दोरी गेली आणि भाग कुरियरने यायचा असेल, तर आठ दिवस तुम्ही पुन्हा कटरवाल्याच्याच दारात.

फक्त सीसी बघून मशीनची तुलना करू नका, किलोवॅट, म्हणजे इंजिनाची ताकद विचारा. स्टिलचेच एमएस २७१ आणि एमएस २६१ दोन्ही ५०.२ सीसीचे. पहिला २.६ किलोवॅट देतो, दुसरा ३, आणि दुसरा वजनालाही हलका. पहिला शेतीवाडीच्या कामाचा, दुसरा रोज तोड करणाऱ्यांसाठी बांधलेला, म्हणून महाग. खोक्यावर मोठ्या अक्षरात ६२ लिहिलं म्हणून ६२ ची ताकद मिळेलच असं नाही.

यजमानांच्या पसंतीच्या स्वस्त मशीनवरही अन्याय नको. त्यावर काम करणारी माणसं कोकणात गावोगावी आहेत आणि ती उपाशी मरत नाहीत. ज्याला स्वतः कार्बोरेटर उघडता येतो, ज्याच्याकडे सुट्या भागांसाठी दुसरं तसलंच जुनं मशीन पडलेलं आहे, त्याला ते परवडतं. तुम्हाला ते परवडेल असं वाटत नाही. आणि घ्यायचंच ठरलं तर चेन ब्रेक पाहिल्याशिवाय घेऊ नका. मशीन जमिनीवर ठेवून चालू करायला सांगा, चेन फिरत असताना पुढची ढाल मनगटाने पुढे ढकलायची; चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. घरंगळत थांबत असेल तर ते मशीन परत करा. ऑनलाइन घेताना ही परीक्षा घरी आल्यावरच होते, हेही ध्यानात घ्या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हा कटर चालवणार कोण? यजमान साठीच्या आसपास असतील. कलमांवर चढणारा तुमचा गडी वेगळा असेल. पेट्रोल, पट्टी, चेन धरून मध्यम मशीन सहा किलोच्या घरात जातं. मोठं त्याहून दीड-दोन किलो जड. दुकानात दहा सेकंद उचलून हा फरक कळत नाही. पाऊण तासाने कळतो, तेव्हा डावा हात थरथरायला लागतो आणि पकड सैल होते. मशीन निवडायला जाताना जो चालवणार त्यालाच बरोबर न्या. दोन्ही हातांनी धरून, कमरेत थोडं वाकून, पाच मिनिटं उभं राहायला सांगा.

आणि गडी असेल तर त्याला एक गोष्ट मालकीण म्हणून तुम्हीच स्पष्ट सांगा : हे मशीन घेऊन कलमावर चढायचं नाही. आपल्याकडे आंबा उतरवणारी माणसं झाडावर इतकी सहज वावरतात, की एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने कटर धरणंही त्यांना साधं वाटतं. मागे मूठ असलेलं मशीन एका हाताने चालवायचं नसतं, खांद्याच्या वर न्यायचं नसतं, शिडीवर तर नाहीच. झाडावर चढून वापरायचे छोटे कटर वेगळे असतात आणि ते दोर-पट्टा बांधलेल्या शिकलेल्या माणसासाठी असतात. वरच्या बारीक फांद्यांना लांब दांड्याची करवत किंवा साधी हातकरवत घ्या. काम हळू होईल, होऊ द्या.

पैशांच्या हिशेबात हेल्मेट, डोळ्यांवरची जाळी, कानांचे मफ, पायांना कापण्यापासून वाचवणारं चॅप आणि बूट हे सगळं मशीनच्या किमतीत धरा. चपला घालून कटर चालवणारी माणसं मी जिल्हाभर बघतो, आणि दर वेळी जीव वर-खाली होतो. बजेट तुटपुंजं असेल तर मशीन वर्षभराने घ्या, पण या वस्तू वगळून घेऊ नका.

कलमाची जाड फांदी कशी कापायची तेही सांगतो, कारण मशीन चांगलं असूनही इथे झाडं खराब होतात. एकच काप वरून सरळ घेतला, तर फांदी अर्धी कापून होताच स्वतःच्या वजनाने मोडते आणि खाली खोडापर्यंत साल सोलून नेते. पहिला काप खोडापासून हातभर पुढे, खालून वर, फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. फांदी स्वच्छ तुटून पडते. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, जिथे फांदी खोडाला मिळताना फुगवटा असतो, त्याच्या लगत काढायचा. जखमेवर लगेच बोर्डो पेस्ट : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नका, प्लास्टिकची घ्या. छाटलेल्या कलमांवर भिरूड (खोडकिडा) लवकर येतो. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसतोय का, हे पुढचे महिने बघत राहा.

"घेऊच नका" या दिरांच्या म्हणण्याला माझा एकच विरोध आहे, आणि तो वादळामुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, कलमं आडवी झाली. वाटा बंद होत्या, वीज कित्येक दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून गेलं. अशा वेळी बाहेरून कटरवाला मिळत नाही, तो स्वतःच्या वाडीत अडकलेला असतो. घरात चालू स्थितीतलं मशीन असणं हा तेव्हा मोठा आधार. बॅटरीचे कटर आता चांगले निघाले आहेत, छाटणीला मला ते आवडतातही, पण वीजच नसेल तर चार्ज कुठे करणार? म्हणून तुमच्यासाठी पेट्रोलचाच सांगतो.

मात्र पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा फसवं असतं. वाकलेल्या फांदीची एक बाजू दाबलेली असते आणि दुसरी ताणलेली. ताणलेल्या बाजूला आधी काप घेतला तर ती फाटून उसळते. आधी दाबलेल्या बाजूला थोडासाच काप घ्यायचा, कापाची फट मिटायला लागली की थांबायचं, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू पूर्ण करायचं. उभं राहायचं ते फांदी सुटून येणार नाही त्या अंगाला. तारांत अडकलेल्या झाडाला महावितरणच्या माणसाने लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत हातच लावायचा नाही.

देखभालीचं आपल्या मातीपुरतं सांगतो. चेनला जांभा दगड नुसता लागला तरी दात जातात, आणि तुमच्या बागेला गडगा आहे. खोडावर वाळवीची माती चढलेली असेल तर कापण्याआधी कोयत्याच्या पाठीने खरवडून काढा. ती माती चेनला कानशीसारखी घासते. माडाचं खोड तंतूंचं, ते कापल्यावर धार बघायचीच. काजूच्या सालीचा चीक अंगावर उडतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. धार आहे की गेली ते भुशावरून कळतं : खपल्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुगा पडायला लागला की थांबून दात घासायचे. पॉइंट ३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. दुकानातून निघताना आपल्या चेनचा पिच लिहून घ्या आणि त्याच मापाच्या दोन कानशी, एक जादा चेन बरोबरच आणा. बोथट चेन दाबून चालवली की पट्टी, क्लच आणि माणूस तिघंही झिजतात.

पट्टीच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात धातूचा कीस असतो, पंप खराब होतो आणि ते हातातोंडावर उडतं. पट्टीचं तेलच वापरा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइल मशीनच्या पुस्तिकेत दिलं असेल त्या प्रमाणात : ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४०. अंदाजाने झाकणभर ओतू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत पाण्याशिवाय काय असतं? मिश्रण लागेल तेवढंच करा, महिनाभर जुनं वापरू नका. पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, मग चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. चेन काढून तेलात बुडवून ठेवा. आणि वादळ येणार अशी बातमी आली की आदल्या दिवशी ताजं पेट्रोल घालून एकदा सुरू करून बघा.

शेजाऱ्यांना भाड्याने देऊन पैसे वसूल करायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल, तर तो आताच बोलून टाका. दुसऱ्याच्या हातात गेलेली चेन कुठे लागली ते कोणी सांगत नाही. द्यायचंच असेल तर मशीन आणि चालवणारा दोन्ही तुमचे असू देत. तेव्हा तास वाढतील आणि रोजच्या कामाचं ५० सीसीचं मशीन घेण्यात अर्थ येईल.

मशीन घरी आल्यावर पहिले दोन दिवस कलमांना हात लावू नका. पडलेला एखादा ओंडका दोन आडव्या लाकडांवर ठेवून त्याचे फक्त तुकडे पाडायचे, सकाळच्या वेळी, अर्धा तास काम आणि मध्ये विश्रांती. दुकानदाराच्या माणसाला पहिल्या दिवशी घरी यायची विनंती करा. खरेदीच्या वेळी मागितलं तर बरेच दुकानदार येतात. यजमान आणि गडी दोघांनाही चालवू दे आणि तुम्ही तिथे थांबा. कोणाचा हात स्थिर आहे, कोण घाई करतो, हे त्या दोन दिवसांत तुम्हाला दिसेल. मशीनची किल्ली नसते, पण ते कोणाच्या हातात द्यायचं हे तुम्हीच ठरवा.